ॲम्प्लिफायरमधली किर्र

सलग सहाव्या रविवारी देविकाने लातूरच्या स्टँडवर नांदेडची एसटी धरली आणि मांडीवरचा मिलिव्होल्टमीटर तान्ह्या लेकरासारखा दोन्ही हातांनी सांभाळत खिडकीशी बसली. मीटर कॉलेजचा होता. ती पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. मीटर बाहेर न्यायचा म्हणून शनिवारी रजिस्टरमध्ये सही करताना कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते तिला सुचेना. शेवटी तिने नुसतं ‘घरगुती’ लिहिलं. लॅब असिस्टंट तिच्याकडे बघतच राहिला.

मार्च संपत आला होता. सकाळी नऊलाच गाडीचा पत्रा तापला होता. अहमदपूरच्या स्टँडवर कंडक्टर चहाला उतरतो न उतरतो तोच फोन वाजला. नांदेडहून आईचा, कुसुमताईंचा.

“देवू, कुठवर आलीस?”

“अहमदपूर.”

“येताना मेडिकलातून कापूस आण.”

“कशाला?”

“माझ्या कानात घालायला. पहाटेपासून तेच चाललंय यांचं. लाव, काढ, लाव, काढ. पंखा बंद. मिक्सर लावायचा नाही. काल दुपारभर फ्रिज बंद ठेवला, दूध नासलं. मी सांगून ठेवलंय, आज निकाल लागला नाही तर ते खोकं उचलून गोदावरीत सोडून येईन. तू मला अडवायचं नाही.”

“मी उचलू लागेन,” देविका म्हणाली आणि ते तिने मनापासून म्हटलं.

खोकं म्हणजे अण्णांचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. अण्णा, म्हणजे देविकाचे वडील रेणुकादास माहूरकर, आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा ट्रेड बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाले होते. नोकरीभर त्यांनी पोरांना ट्रान्झिस्टर शिकवले, पुढे आयसी शिकवले, पण जीव अडकला होता तो व्हॉल्व्हमध्ये. बोटाएवढ्या काचेच्या नळ्या, आत निखाऱ्यासारखी तार, तापायलाच अर्धा मिनिट घेणार. त्यांतून येणाऱ्या आवाजाला अंग असतं, असं ते म्हणायचे. एकाहत्तराव्या वर्षी अचानक त्यांनी मनावर घेतलं. खालची पत्र्याची चेसिस स्वतः कापली, ट्रान्सफॉर्मर समोर बसून गुंडाळून घेतला आणि व्हॉल्व्ह आणले देगलूरच्या गुंडप्पांकडून.

गुंडप्पांचं देगलूरच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आता तिथे मोबाईलची कव्हरं लटकत, पण मागच्या खोलीत एक लोखंडी ट्रंक होती. मोडीत निघालेले रेडिओ, लग्नातले लाऊडस्पीकरवाले, तंबूतले सिनेमे, सगळ्यांच्या मशीनमधून काढलेले व्हॉल्व्ह त्यांनी त्या ट्रंकेत कापसात गुंडाळून ठेवले होते. अण्णांची नि त्यांची पस्तीस वर्षांची दोस्ती. एकमेकांना अरे-तुरे कधी केलं नाही. हे ‘गुंडप्पा’ म्हणायचे, ते ‘मास्तर’ म्हणायचे.

ॲम्प्लिफायर पहिल्याच दिवशी वाजला. सनईची जुनी रेकॉर्ड लावली तेव्हा कुसुमताई हातातलं काम टाकून बाहेर येऊन बसल्या होत्या. पण रेकॉर्ड संपली आणि स्पीकरमधून घूं असा आवाज राहिला, विहिरीवर मोटार चालावी तसा. अण्णांनी त्याच संध्याकाळी देविकाला फोन केला. इतर कोणाला त्यात हात घालू देणार नाही म्हणाले.

पहिल्या रविवारी तिने व्हॉल्व्ह तापवणाऱ्या वायरी सोडवून एकमेकींना पीळ देऊन पुन्हा बसवल्या. घूं थोडी कमी झाली. दुसऱ्या रविवारी कंडेन्सर बदलले. तिसऱ्या रविवारी खुद्द गुंडप्पा देगलूरहून आले, धोतराच्या सोग्यात सांभाळत सहा व्हॉल्व्हचा डबा घेऊन. दोन बंगळूरचे, सत्तरच्या दशकातले. चार हॉलंडचे, त्याहून जुने, काचेवर बारीक अक्षरं. पहिल्या खणात, जिथे रेकॉर्डवरचा सुईएवढा आवाज मोठा व्हायला सुरुवात होते, तिथे एकेक लावून बघायचा होता. तिथे व्हॉल्व्हने जरा कुरकुर केली की पुढे ती शंभरपट होऊन स्पीकरातून बाहेर पडते.

दिवसभर लावालाव झाली, देविका प्रत्येकाचा मीटरवरचा आकडा वहीत लिहीत होती. बंगळूरच्या एकावर पेन्सिलीने टिचकी मारली की स्पीकरात वाटी पडल्यासारखी टिंग व्हायची. हॉलंडचे चारही मुके होते. गुंडप्पा खूश होऊन म्हणाले, “ह्ये बघा मास्तर. असा माल आता जगात न्हाई.”

“घूं आहेच,” अण्णा म्हणाले.

“ती व्हॉल्व्हाची न्हाई. ती दुसरी कुठली तरी हाय.”

“आणि ही किर्र?”

“कोणती किर्र?”

“ही. बारीक. रातकिडा बसल्यासारखी. सगळ्यांत आहे.” अण्णांनी स्पीकरला कान लावला आणि ताठ झाले. “गुंडप्पा, हे व्हॉल्व्ह हॉलंडचे नाहीत. धुऊन पुसून वर छाप मारलाय. मला उल्लू बनवून राहिलात तुम्ही.”

देविका “अण्णा!” म्हणेपर्यंत बोलून झालं होतं. गुंडप्पांनी बंगळूरचे दोन आणि हॉलंडचा एक डब्यात भरला. हॉलंडचे तीन टेबलावरच राहिले, ते त्यांनी बघितलंही नाही. कुसुमताई चहा घेऊन आल्या तेव्हा ते चपला घालत होते.

“वहिनी, चहा राहू द्या,” ते म्हणाले. “पस्तीस सालात मास्तरांनी मला हिशोब विचारला न्हाई. आज नियत विचारली.”

आणि ते गेले. त्यानंतर अण्णांनी त्यांना फोन केला नाही, त्यांनीही केला नाही.

चौथ्या रविवारी देविकाने ऑनलाईन मागवलेले नवे रशियन व्हॉल्व्ह आले. घूं आणि अण्णांची किर्र दोन्ही तशाच. पाचव्या रविवारी मात्र तिला घूं सापडली. रेकॉर्ड प्लेयरचा प्लग जुन्या भिंतीतल्या बोर्डात होता, ॲम्प्लिफायरचा स्वयंपाकघराकडच्या नव्या भिंतीत. दोन्हींचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने जमिनीत जात होतं आणि मधली वायर दोघांना जोडत होती. त्या वर्तुळातून घरभराची वीज गुणगुणत फिरत होती. तिने दोन्ही प्लग एकाच बोर्डात घेतले, आतल्या अर्थच्या वायरी एका ठिकाणी आणून सोल्डर केल्या. स्पीकरच्या टोकांवर नऊ मिलिव्होल्ट होते, ते अर्ध्या मिलिव्होल्टवर आले. अर्धा मिलिव्होल्ट! तिने टाळी वाजवली. कुसुमताईंनी आतून विचारलं, “संपलं का एकदाचं?”

अण्णा डोळे मिटून बसले होते. “घूं गेली,” ते म्हणाले. “शाबास. आता ती किर्र काढ.”

“कोणती किर्र? अण्णा, काही नाहीये.”

“तुम्हा लोकांचे कान मोबाईलनं गेले.”

“मीटर बघा ना!”

“मीटरला काय कळतंय? मीटर गाणं ऐकतो का?”

ज्या माणसाने बत्तीस वर्षं वर्गाच्या फळ्यावर ‘कान फसवतो, मीटर फसवत नाही’ असं लिहिलं होतं, तो हे बोलत होता. देविका परतीच्या गाडीत दात आवळून बसली होती. लोह्याच्या स्टँडवर कोणीतरी “ताई, बरं वाटत नाही का?” असंही विचारलं.

आज सहावा रविवार. आज तिने ठरवूनच आणलं होतं सगळं.

घरी पोचताच तिने हॉलमध्ये दाराच्या कडीपासून कपाटापर्यंत दोरी बांधली आणि तिच्यावर चादर टाकली. चादरीमागे ॲम्प्लिफायर, मीटर आणि ती. चादरीपुढे स्पीकर, त्याच्यासमोर हातभर अंतरावर खुर्चीत अण्णा.

“मी व्हॉल्व्ह बदलत जाईन,” ती म्हणाली. “कोणता लावलाय ते तुम्हाला दिसणार नाही. मी ‘तयार’ म्हटलं की ऐकायचं आणि सांगायचं. मी वहीत लिहिणार. शेवटी वही बघायची आणि जो निकाल असेल तो मान्य करायचा. कबूल?”

“कबूल. पण पंखा बंद कर.”

“बंदच आहे, अण्णा. बघा, घाम कसा गळतोय माझा.”

“कुसुम! मिक्सर लावू नको!”

“नाही लावत!” आतून आवाज आला. “चटणी दातांनी वाटते!”

पहिला हॉलंडचा. देविकाने लावला, तापू दिला. “तयार.”

अण्णांनी कानामागे तळवा धरला. बराच वेळ. “किर्र आहे. थोडी.”

तिने लिहिलं. बंद केला, गार होऊ दिला, बदलला. दुसरा, रशियन. “तयार.”

“हा बरा आहे.”

तिसरा, हॉलंडचा दुसरा. “तयार.”

“लई किर्र. हा फेकून दे.”

चौथ्या वेळी तिने काहीच बदललं नाही. तोच व्हॉल्व्ह, बंद करून पुन्हा चालू. “तयार.”

“हा! हा सगळ्यांत शांत.”

देविकाने पेन्सिल वहीवर आपटली. “अण्णा, हा मघाचाच आहे. जो फेकून दे म्हणालात, तोच.”

“मग मघाशी नीट बसला नसेल. पिना साफ केल्यास का?”

“केल्या.”

“सॅन्डपेपरनं?”

“केल्या, अण्णा! मी पंधरा वर्षं हेच शिकवते!”

“मग पुढचा लाव. ओरडू नको, आवाज ऐकू येत नाही.”

तिच्या कपाळावरून घाम मीटरवर टपकला. तिने पाचवा लावला, रशियन दुसरा. अर्धा मिनिट थांबली, तार लालसर झाली, काटा अर्ध्या मिलिव्होल्टवर आला. “तयार,” ती म्हणाली, आणि वहीत पाचचा आकडा काढायला वाकली.

वर बघते तर काटा शून्यावर पडला होता. तिला वाटलं मीटरची वायर सुटली. वायर जागेवर होती. मग तिने व्हॉल्व्हकडे पाहिलं. आतली तार तांबूस होत होती, मग काळपट, मग काहीच नाही. बोर्डावरचा लाल दिवाही गेला होता. वीज गेली होती. भर दुपार, दिवा कोणी लावला नव्हता, पंखा आधीच बंद होता. चादरीपलीकडे काही कळायचं कारणच नव्हतं.

ती सांगणार होती. तेवढ्यात अण्णा बोलले.

“ही बघ. आता आली. हीच ती.” त्यांचा आवाज जवळजवळ आनंदी होता. “इतकी स्पष्ट पहिल्यांदा आली. घूं नाही, सूं नाही, नुसती किर्र. पाच नंबर. लिहून ठेव, पाच नंबरमध्ये सगळ्यांत जास्त.”

देविकाचा हात पेन्सिलीवर तसाच राहिला. सहा आठवड्यांचा राग तोंडापर्यंत आला होता, त्याचं काय करावं ते तिला कळेना. तिने मेलेल्या व्हॉल्व्हकडे पाहिलं. मग चादरीकडे.

“लिहिलंस का?”

तेवढ्यात कुसुमताई मिक्सरचं भांडं हातात घेऊन दारात आल्या. “मी म्हटलं मरू दे, लावते मिक्सर, तर लाईटच नाही. आत्ताच गेलेली दिसते. तुम्ही दोघं काय करून राहिलात अंधारात?”

अंधार कुठेच नव्हता. अण्णा खुर्चीतून उठले. त्यांनी चादर बाजूला केली, ॲम्प्लिफायरकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं. व्हॉल्व्हला बोट लावलं.

“कोमट आहे,” ते म्हणाले.

“अण्णा…”

“थांब. बोलू नको.”

पुढे जे झालं ते देविकाला जन्मभर आठवणार होतं. अण्णांनी प्लग उपटला. मग स्पीकरच्या वायरी काढल्या आणि दोन्ही टोकं मोकळी धरून उभे राहिले. मान हलवली. मग हॉलमधून बाहेर पडले, अंगणात गेले, निंबाखाली थांबले. परत आले आणि न्हाणीत जाऊन आतून कडी लावली. वर्गातल्या पोरांना ते असंच शिकवायचे: बिघाड सापडत नसेल तर टेबलावर डोकं धरून बसू नका, एकेक टप्पा तोडा, ज्याला तोडल्यावर आवाज थांबतो, तो दोषी. देविकाही तेच शिकली होती, त्यांच्याकडूनच. न्हाणीच्या दाराबाहेर ती आणि आई उभ्या होत्या, आईच्या हातात अजून ते भांडं होतं.

दार उघडलं. अण्णांची दोन्ही बोटं अजून कानांपाशी होती.

“बोटं घातली तर वाढते,” ते म्हणाले. “आतून आहे.”

मग ते जेवायला बसले आणि चटणी नव्हती तरी काही बोलले नाहीत.

मंगळवारी देविकाने त्यांना लातूरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या छोट्या खोलीत हेडफोन घालून बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. अण्णांनी हेडफोन हातात घेतला आणि तपासणाऱ्या मुलीला विचारलं, “ह्याचं कॅलिब्रेशन कधी झालंय?”

“अण्णा, प्लीज,” देविका म्हणाली.

मुलीने न चिडता हेडफोनच्या पेटीवरचं स्टिकर दाखवलं. मागच्याच महिन्याची तारीख होती. अण्णांनी चष्मा वर करून ती वाचली, मान डोलावली आणि शहाण्या मुलासारखे आत जाऊन बसले.

कागदावर रेघ आली. मधल्या सुरांपर्यंत सरळ आणि मग दरीत पडावी तशी खाली. डॉक्टरांनी समजावलं: वयाने आतल्या नसा थकतात, बारीक सूर आधी जातात, जिथलं ऐकू येणं बंद होतं तिथे मेंदू स्वतःच आवाज भरून काढतो. कानाच्या मशीनने ऐकणं सुधारेल, किर्र बहुतेक जाणार नाही, सवय होईल.

“किती हर्ट्झची आहे?” अण्णांनी विचारलं.

डॉक्टरांना हा प्रश्न कोणी विचारला नसावा. त्यांनी मुलीला पुन्हा बोलावलं. सूर बदलत बदलत सहा हजारावर अण्णांनी हात वर केला. “हीच. अगदी हीच.” आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखे हसले.

परतताना गंजगोलाईच्या बाजारात रिक्षा अडकली, हॉर्नवर हॉर्न, तेव्हा अण्णा म्हणाले, “दोन वर्षं झाली असतील.”

“काय?”

“किर्र. आधी वाटलं फ्रिजची आहे. मग वाटलं शेजाऱ्यांच्या डिशची. जाऊन बोललो पण त्यांना.”

“तुम्ही त्यांच्याशी भांडला होतात! आई तीन महिने त्यांच्यासमोर मान खाली घालून जात होती!”

“मला काय ठाऊक. बाहेरचंच असणार, असं वाटलं.” मग म्हणाले, “गाणंही पातळ ऐकू यायला लागलं होतं. सनईला धार नव्हती, टाळ ऐकूच येईनात. मला वाटलं ही नवी यंत्रं खराब, ह्यांच्यात दम नाही. म्हणून तर व्हॉल्व्हचा करायला घेतला.”

देविका वळून त्यांच्याकडे बघत राहिली. कापलेली चेसिस, गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, सहा रविवार, नासलेलं दूध, सगळं ह्या एका वाक्याच्या मागे उभं होतं आणि त्यांनी ते आत्ता, हॉर्नच्या गदारोळात सांगितलं होतं. तिला ओरडावंसं वाटलं. तिने त्यांचा हात धरला, तोही जरा रागानेच.

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“काय सांगणार? माझ्या मते मी ठीकच होतो.”

रिक्षा सुटली. अण्णा म्हणाले, “गुंडप्पांकडं जावं लागेल.”

“फोन करा.”

“फोनवर बोलण्यासारखं नाही ते. मी त्यांच्या घामाच्या मालाला खोटं म्हटलंय.”

म्हणून पुढच्या शनिवारी देविका नांदेडला आली आणि दोघं देगलूरच्या गाडीत बसले. अण्णांच्या मांडीवर ॲम्प्लिफायर होता, चादरीत बांधलेला. तो कशाला, असं तिने स्टँडवर तीनदा विचारलं. “असू दे,” एवढंच उत्तर मिळालं. त्याचं वजन अकरा किलो होतं. नायगावच्या पुढे ते तिच्या मांडीवर आलं.

गुंडप्पांनी त्यांना येताना पाहिलं आणि गिऱ्हाईक नसताना कव्हरं झटकायला घेतली. आतून त्यांच्या बायको नीलम्मा आल्या. “अय्यो, मास्तर! या, बरी, बसा,” असं अर्धं कानडीत म्हणत त्यांनी देविकाचा हात धरून स्टूल पुढे केलं आणि नवऱ्याकडे एक नजर टाकून पाणी आणायला गेल्या.

अण्णा बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “गुंडप्पा, व्हॉल्व्हात दोष नव्हता. दोष माझ्या कानात होता. डॉक्टरचा कागद आणलाय. बघायचा असला तर बघा.”

गुंडप्पा कव्हरं झटकत राहिले.

“मी तुमची नियत काढली. ते चुकलं माझं.”

“कोणता कान?” गुंडप्पांनी पाठ न वळवता विचारलं.

“दोन्ही.”

“काय?”

“दोन्ही!”

गुंडप्पा वळले. “माझा डावा कान चार सालांपासून गेलाय,” ते म्हणाले. “तवा मला तुमची किर्र ऐकू आली न्हाई, तर मला वाटलं असंल बी. तुमचं खरं असंल. म्हणून जास्त राग आला.” त्यांनी कागद घेतला, उलटा धरून बघितला, सुलटा केला. “ही रेघ लई वाईट पडली की हो मास्तर.”

“सहा हजार हर्ट्झ.”

“आसं?”

मग बराच वेळ ते दोघं त्या रेघेवर वाकून बसले. नीलम्मांनी ताक आणलं. देविकाला वाटलं, झालं, आता साडेतीनची गाडी मिळेल. पण गुंडप्पा उठून आतल्या खोलीत गेले आणि ट्रंकेतून एक व्हॉल्व्ह आणून त्यांनी अण्णांच्या पुढे ठेवला.

“आता माझं बी ऐका,” ते म्हणाले. “त्या दिवशी तुमच्याकडून आलो, झोप लागंना. भिंग घेऊन सगळे हॉलंडवाले तपासले. ह्यो एक छापलेलाच हाय. आतली पत्रीच निराळी हाय. हैदराबादच्या माणसानं मलाच टोपी घातली. तुम्हाला सांगायला तोंड न्हवतं.”

“म्हणजे मी खरं बोललो होतो!” अण्णा म्हणाले.

“चारांतला एक! बाकीचे तीन तर तुमच्याच टेबलावर राहिले की.”

“पण एक तरी निघाला ना?”

“अण्णा,” देविका म्हणाली, “तुम्ही माफी मागायला आलात.”

“मागितली की. आता हे वेगळं आहे.” त्यांनी व्हॉल्व्ह उजेडात धरला. “देविका, तुझ्या वहीत बघ, ह्याची घूं-सूं किती आली होती?”

तिने वही काढली. तिसऱ्या रविवारच्या पानावर हा होता. त्या दिवशी लावलेल्या सहाही व्हॉल्व्हमध्ये ह्याचा आवाज सर्वांत कमी. खोटा छाप मारलेला, कुठल्या देशाचा ते माहीत नसलेला, आणि सर्वांत शांत. तिने ते वाचून दाखवलं.

“शक्य नाही,” अण्णा म्हणाले.

“मुळीच न्हाई,” गुंडप्पा म्हणाले. “हॉलंडच्या पुढं ह्यो?”

“आकडे आहेत ना इथे!”

“मीटर आज आणलाय का?”

“नाही. मीटर कॉलेजात आहे. रोज रोज नाही मिळत तो.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि ॲम्प्लिफायरची चादर सोडायला घेतली. गुंडप्पांनी टेबलावरची कव्हरं एका हाताने बाजूला लोटली, स्पीकर आणला, वायरी जोडल्या. साडेतीनची गाडी स्टँडवरून सुटून दुकानासमोरून गेली; देविकाने तिची मागची पाटी वाचली. पाटीवर नांदेड होतं.

“तू ऐक,” अण्णा तिला म्हणाले. “आमच्या दोघांचे कान आता धरायचे नाहीत. आम्ही बदलत जातो, तू सांग. आणि खरं सांग, कोणाची बाजू घेऊ नको.”

“अण्णा, गाडी गेली.”

“पाचची आहे. बस.”

नीलम्मा दुकानाचा पंखा बंद करून हसत दाराशी बसल्या. देविकाने पर्स खाली ठेवली. स्टूल ओढून ती स्पीकरच्या समोर बसली. तार तांबूस झाली, अर्धा मिनिट गेला. दोन्ही म्हातारे तिच्या तोंडाकडे परीक्षेच्या निकालाकडे बघावं तसे बघत होते. तिने डोळे मिटले. बाहेर बाजार होता, कोणीतरी तेलुगूत भाव करत होतं, लांब एक म्हैस रेकत होती. स्पीकरमधून घूं नव्हती, सूं नव्हती, अगदी कान लावला तरी काही नव्हतं. सहा रविवार ज्यासाठी घालवले ते हे होतं.

“काही नाही,” ती हळूच म्हणाली.

“काय?” दोघंही एकदम म्हणाले.

“काही नाही!”

“काय म्हणाली? काय येतंय?” गुंडप्पांनी उजवा कान पुढे केला.

“काहीही ऐकू येत नाही!” देविका सगळा जीव एकवटून ओरडली, आणि समोरच्या दुकानातला माणूस काय झालं म्हणून बाहेर येऊन बघायला लागला.